नावाशेजारचा आकडा: स्कोअरकार्ड लिहिता लिहिता समजलेला बेन झोब्रिस्ट

बेसबॉलच्या स्कोअरकार्डावर खेळाडूच्या नावाशेजारी एक अरुंद रकाना असतो. त्यात फक्त एक आकडा लिहायचा: क्षेत्ररक्षणाला तो कुठे उभा आहे. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे बसून झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग लांबच्या भागात लेफ्ट फील्ड ७, सेंटर ८ आणि राइट ९. बहुतेकांचा आकडा वर्षानुवर्षं हलत नाही. २०१६ च्या शिकागो कब्ज संघात अँथनी रिझो म्हणजे ३ आणि अ‍ॅडिसन रसेल म्हणजे ६, डोळे मिटून लिहावं. बेन झोब्रिस्टचा रकाना मात्र संघ जाहीर होईपर्यंत रिकामा ठेवावा लागे. आज ४, उद्या ७, परवा ९, आणि कधी नऊ इनिंगांपैकी सातव्या इनिंगला ४ पुढे रेघ मारून ७.

अशा खेळाडूला युटिलिटी प्लेयर म्हणतात. ठरलेली एक जागा नसलेला, संघाला गरज पडेल तिथे उभा राहणारा. मी बेसबॉल शिकले ती या एका माणसाचा माग काढत, आणि शिकायचं साधन होतं पेन्सिल आणि स्कोअरकार्ड. हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण युटिलिटी खेळाडूचं काम नुसतं बघून फारसं कळत नाही. ते लिहून काढलं की कळतं.

स्कोअर लिहिणं मला नवं नव्हतं. सांगलीला दादा क्लबकडून क्रिकेट खेळायचा आणि रविवारच्या सामन्यांचं स्कोअरबुक माझ्या मांडीवर असायचं. झाडाखाली सतरंजी, दोन्ही संघांचे स्कोअरर शेजारी शेजारी, ओव्हर संपली की आकडे जुळवून घ्यायचे. २०१५ च्या हिवाळ्यात नोकरीसाठी शिकागोला आले. त्याच डिसेंबरात कब्जने झोब्रिस्टशी चार वर्षांचा, ५ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला होता. ऑफिसात सगळे त्याच्याबद्दल बोलत होते आणि मला ओ की ठो कळत नव्हतं.

माझी शिकवणी घेतली आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींनी. मी त्यांना नावानंच हाक मारायचे, तिकडची रीतच तशी. पण लिहिताना मला त्या आजीच वाटतात. १९४५ साली कब्ज वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम फेरीत, डेट्रॉइटकडून हरले तेव्हा त्या शाळकरी होत्या. त्यानंतर संघ त्या फेरीपर्यंत पोचलाच नव्हता, आणि विजेतेपद तर १९०८ नंतर नाही. आजी रेडिओवर सामना ऐकत कार्ड लिहायच्या. त्यांच्या कपाटात वर्षवार फायली होत्या. मी क्रिकेटचं स्कोअरबुक लिहायचे हे कळल्यावर त्यांनी एक कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "मग तुला अर्धं येतंच. हे ज्यानं सुरू केलं तो क्रिकेटवालाच होता."

ते खरंच आहे. हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, लहानपणी अमेरिकेत आलेला. वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटचं वार्तांकन करता करता तो बेसबॉलकडे वळला आणि क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्याने बेसबॉलचा बॉक्स स्कोअर घडवला. १९०८ च्या एप्रिलमध्ये तो वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कब्ज जिंकले. आजींना ही गोष्ट सांगायला फार आवडायची.

कार्डाची रचना तशी सोपी. डावीकडे फलंदाजीच्या क्रमाने नऊ नावं, वर इनिंगचे आकडे, आणि प्रत्येक चौकोनात एक छोटा हिरा, म्हणजे चार बेसचं चित्र. फलंदाज जिथवर पोचला तिथवर हिऱ्याची बाजू गडद करायची. बाद झाला तर कोणाच्या हातून ते आकड्यांत लिहायचं. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवरच्या माणसाला दिला, त्याने पहिल्या बेसवर फेकला, दोघे बाद: ६-४-३. हवेत उडालेला चेंडू सेंटरमध्ये झेलला: एफ ८. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बाद) इंग्रजी के. एवढं एका संध्याकाळी येतं.

अवघड जातात ते बदल. क्रिकेटमध्ये बारावा माणूस येतो, क्षेत्ररक्षण करतो, निघून जातो, मूळ खेळाडू परत येतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा येऊ शकत नाही. त्यामुळे मॅनेजर एक माणूस बदलतो तेव्हा तो कायमचा खर्च होतो. आणि त्या काळी संघात माणसं होती एकूण २५ (२०२० पासून २६ झाली). त्यांतले बारा-तेरा पिचर. आठ जण मैदानात. उरले चार-पाच, त्यात एक राखीव कॅचर, ज्याला शक्यतो हात लावायचा नसतो. म्हणजे कोणी लंगडला, कोणाच्या जागी चांगला फलंदाज पाठवावासा वाटला, किंवा सामना बाराव्या इनिंगपर्यंत गेला, तर या तीन-चार माणसांवर सगळं निभवायचं. गेल्या काही दशकांत पिचरांची संख्या वाढत गेली तशी बाकावरची जागा आटत गेली आणि तीन-चार ठिकाणी उभा राहू शकणाऱ्या माणसाची किंमत वाढली. हे गणित कार्डावर लिहिताना मला पहिल्यांदा नीट उमगलं.

आजींचा एक नियम होता. प्रत्येक इनिंगच्या आधी मैदानात नऊ जण मोजायचे, लेफ्टपासून सुरुवात करून. "बोर्डावर काय लिहिलंय ते बघू नकोस, माणसं बघ." टीव्हीवर जाहिरात संपून चित्र परत येतं ते थेट पिचरवर; मागे कोण कुठे गेलं ते दाखवतच नाहीत. रिग्ली फील्डवर, म्हणजे कब्जच्या मैदानावर, बसलं की दिसतं. तिथे सामने बहुधा दुपारी सुरू होतात, बाहेर कार्ड आणि पेन्सिल विकत मिळते, आणि सेंटर फील्डच्या वरचा १९३७ चा फलक आजही आत बसलेली माणसं हाताने चालवतात. मी वरच्या स्वस्तातल्या जागेवर बसायचे. तिथून संपूर्ण मैदान नकाशासारखं दिसतं.

डबल स्विच हा प्रकार मला तिथेच समजला. तेव्हा नॅशनल लीगमध्ये पिचरला फलंदाजीही करावी लागे, आणि पिचर साधारणपणे फलंदाजीत कच्चे. समजा सातवी इनिंग, पिचर बदलायचाय, आणि त्याची फलंदाजी पुढच्याच इनिंगला येणार आहे. नुसता पिचर बदलला तर नव्या पिचरलाच बॅट घेऊन जावं लागणार. मग मॅनेजर एकदम दोन माणसं आत आणतो. लेफ्ट फील्डचा खेळाडू नुकताच फलंदाजी करून आलाय, त्याला बाहेर काढून त्याच्या क्रमांकावर नवा पिचर घालतो. पिचरच्या क्रमांकावर नवा फलंदाज येतो, समजा हावियर बायेझ, पण तो दुसऱ्या बेसवर उभा राहणारा. मग लेफ्ट फील्डला कोण? दुसऱ्या बेसवरून झोब्रिस्ट चालत लेफ्टला जातो. माझ्या कार्डावर तीन ओळींत खाडाखोड: एका नावाखाली नवा पिचर, एका नावाखाली बायेझ ४, आणि झोब्रिस्टच्या नावापुढे ४, तिरकी रेघ, ७. तो मात्र बदलला गेलेला नसतो. त्याची फलंदाजी तशीच चालू. अख्खी चाल त्याच्या पायांवर उभी असते आणि बॉक्स स्कोअरमध्ये तिची खूण उरते ती दोन अक्षरांची.

ती रेघ मी इतक्या वेळा मारली की या माणसाची आधीची वर्षंही लिहून काढावीत असं वाटायला लागलं. जुन्या सामन्यांचे तपशील आज मोकळे मिळतात. रेट्रोशीट नावाची संस्था आहे. तिचे स्वयंसेवक १९८९ पासून जुनी स्कोअरबुकं गोळा करून प्रत्येक सामना चेंडूगणिक उतरवून ठेवतात. थंडीच्या दिवसांत, सामने नसताना, मी एका वहीत झोब्रिस्टचे सामने तारीखवार लिहायला घेतले. तारीख, प्रतिस्पर्धी, फलंदाजीचा क्रम, जागा. एवढेच चार रकाने.

झोब्रिस्ट १९८१ चा, इलिनॉय राज्यातल्याच युरेका या छोट्या गावचा. वडील पाद्री. शाळा संपली तेव्हा बेसबॉलसाठी कुठल्या कॉलेजने त्याला विचारलंही नव्हतं. पियोरियाला एक चाचणी शिबिर होतं, फी ५० डॉलर. वाढदिवसाचे मिळालेले पैसे घालून तो गेला, आणि तिथे ऑलिव्हेट नाझरीन या लहानशा कॉलेजच्या प्रशिक्षकाला तो आवडला. पुढे डॅलस बॅप्टिस्टमध्ये एक वर्ष. नव्या खेळाडूंच्या २००४ च्या निवडीत ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला सहाव्या फेरीत घेतलं, शॉर्टस्टॉप म्हणून. जुलै २००६ मध्ये ऑब्रे हफच्या बदल्यात त्याला टँपा बेकडे देऊन टाकलं आणि १ ऑगस्ट २००६ ला तो पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरला.

वहीत ही पानं लिहिताना जीव कासावीस व्हायचा. २००६ मध्ये फलंदाजीची सरासरी ०.२२४, २००७ मध्ये ०.१५५. ज्यांना हे आकडे ओळखीचे नाहीत त्यांच्यासाठी: ०.३०० म्हणजे उत्तम, ०.२५० म्हणजे ठीक, ०.१५५ ला खालच्या लीगचं तिकीट हातात मिळतं. तसंच झालं. रकान्यात सगळीकडे ६, ६, ६, आणि मग मोठी मोकळी जागा, म्हणजे तो खाली ड्युरहॅमच्या संघात. कितीतरी कारकिर्दी अशा मोकळ्या जागेतच संपतात.

२००८ मध्ये रकाना बदलायला लागतो. ६ सोबत ७ येतो, ४ येतो, ८ येतो. बॅटही चालायला लागलेली: ६२ सामन्यांत १२ होमरन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे फटके. टँपा बेचा मॅनेजर जो मॅडन खेळाडूंना वेगवेगळ्या जागी उभं करायला कधी कचरला नाही, आणि त्या संघाकडे पैसा कमी. मोठ्या शहरांचे संघ प्रत्येक जागेला तारा विकत घेऊ शकत होते. टँपा बेला एकाच माणसात तीन हवे होते.

आणि मग २००९. त्या वर्षाची माझी पानं बघण्यासारखी आहेत. एप्रिलमध्ये तो राइट फील्डला, लेफ्टला, मध्येच शॉर्टस्टॉपला. मे महिन्याच्या शेवटी दुसऱ्या बेसवरचा अकिनोरी इवामुरा गुडघा दुखावून गेला, शॉर्टस्टॉप जेसन बार्टलेटचा घोटा गेला. एकाच आठवड्यात मधल्या फळीची दोन्ही दारं उघडी पडली, आणि बाहेरून कोणालाही आणायच्या आधी दुसऱ्या बेसवर झोब्रिस्ट उभा होता. त्या मोसमात पिचर आणि कॅचर सोडून उरलेल्या सातही जागांवर तो खेळला. सरासरी ०.२९७, होमरन २७, लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात निवड. एका खेळाडूमुळे संघाला किती जादा विजय मिळाले याचा अंदाज बांधणारं वॉर नावाचं मोजमाप आहे. त्यात पिचर सोडून सगळ्या अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी तो पहिला होता. जागेवरून कायम हलवला जाणारा माणूस सगळ्यांत वर! वहीतलं हे पान लिहिलं त्या दिवशी मी आजींना ते खाली नेऊन दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "आता होसे ओकेंडो लिहून काढ." सेंट लुइसचा ओकेंडो १९८८ च्या एका मोसमात नऊच्या नऊ जागांवर खेळला होता. कब्जच्या कडव्या चाहत्या असून सेंट लुइसच्या खेळाडूचं नाव आदराने घेणं, ही त्यांच्याकडून मोठीच गोष्ट होती.

पुढची वाट अशी: २०१५ च्या जानेवारीत ओकलंड, जुलैच्या शेवटी कॅन्सस सिटी, तिथे त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि हिवाळ्यात कब्ज, जिथे मॅडन आधीच येऊन बसले होते.

एका मार्चमध्ये मी अ‍ॅरिझोनात मेसाला गेले. तिथे कब्जचं मोसमाआधीचं शिबिर असतं आणि सकाळचा सराव बाजूच्या मैदानांवर कुंपणाला टेकून बघता येतो. मला ग्लोव्ह बघायचे होते. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, पण तसे नसतात. इनफील्डचा, म्हणजे बेसांजवळच्या जागांचा, ग्लोव्ह लहान, साधारण साडेअकरा इंचांचा, खिसा उथळ. चेंडू आत रुतता कामा नये, उजव्या हाताला तो लगेच सापडला पाहिजे. आउटफील्डचा, म्हणजे लांबच्या भागातला, पावणेतेरा इंचांपर्यंत, खिसा खोल, कारण तिथे चेंडू निसटला तर मागे भिंतीशिवाय कोणी नाही. पहिल्या बेसचा तर बोटंच नसलेला, सुपासारखा पसरट. युटिलिटी खेळाडूच्या पिशवीत हे सगळे असतात आणि सगळे वापरून मऊ केलेले असावे लागतात. नवा कडक ग्लोव्ह घालून कोणी सामन्यात उतरत नाही.

त्या सकाळी बघितलेलं एक दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. दुसऱ्या बेसवर डबल प्लेचा, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद करण्याचा, सराव चालला होता. शॉर्टस्टॉपकडून फेक येते, धावणारा पाठीमागून अंगावर येत असतो, आणि दुसऱ्या बेसवरच्या माणसाला तो दिसत नाही, फक्त जाणवतो. डावा पाय बेसवर, चेंडू ग्लोव्हमध्ये येतो ना येतो तोच उजव्या हातात, कंबर वळते, फेक पहिल्या बेसकडे. झोब्रिस्टने हे पुन्हा पुन्हा केलं. चेहऱ्यावर काही नाही. मग कोणीतरी हाक मारली. त्याने ग्लोव्ह काढून कुंपणाशी ठेवला, दुसरा उचलला, धावत लेफ्टला गेला आणि प्रशिक्षकाने बॅटने उंच उडवलेले चेंडू झेलायला लागला. तिथे सगळंच उलटं. इनफील्डमध्ये पहिलं पाऊल पुढे, आउटफील्डमध्ये पहिलं पाऊल मागे. इनफील्डमध्ये कोपरातून झटकन फेकायचं, आउटफील्डमधून पूर्ण खांदा फिरवून लांब. शरीराला लागलेली एक सवय पुसून दहा मिनिटांत दुसरी लावायची, आणि सामन्यात तर जाहिरातीच्या दोन मिनिटांत. हे बघितल्यावर मला "कुठेही चालतो" या शब्दांचा राग यायला लागला. कुठेही चालण्यासाठी तो प्रत्येक जागेचं वेगळं शिक्षण घेत होता, आणि मानधनाच्या यादीत किंवा पुरस्कारांत त्या शिक्षणाला रकानाच नव्हता.

२०१६ ची वर्ल्ड सिरीज याच्या आधीची, पण ती मुद्दाम इथे लिहितेय. मोसमभर झोब्रिस्ट बहुतेक वेळा ४ होता. ऑक्टोबरात मॅडननी बायेझला दुसऱ्या बेसवर घेतलं, कारण त्याचे हात अफाट चपळ, आणि झोब्रिस्टला लेफ्टला पाठवलं. ३५ वर्षांचा, संघातला मानाचा खेळाडू, स्वतःची जागा सोडून ७ वर गेला, आणि क्लीव्हलँडमधल्या २ नोव्हेंबरच्या सातव्या, निर्णायक सामन्यातही माझ्या कार्डावर त्याच्या नावापुढे ७ च आहे.

तो सामना आम्ही आजींच्या घरी लिहिला. टीव्हीचा आवाज बंद, रेडिओवर समालोचक पॅट ह्यूज. रेडिओ काही सेकंद पुढे असतो, त्यामुळे आधी कानांवर पडायचं आणि मग चित्र यायचं. आठव्या इनिंगला क्लीव्हलँडच्या राजाय डेव्हिसच्या होमरनने ६-६ झालं तेव्हा आजींनी पेन्सिल खाली ठेवली, आणि मग परत उचलली.

नवव्या इनिंगमध्ये कब्जचा जेसन हेवर्ड तिसऱ्या बेसवर होता, एकच जण बाद. क्लीव्हलँडचा मॅनेजर टेरी फ्रँकोनाने आउटफील्डमधून कोको क्रिस्पला काढलं आणि मायकल मार्टिनेझला पाठवलं, कारण त्याचा हात जास्त ताकदीचा. चेंडू उंच उडालाच तर त्याने होम प्लेटवर अचूक फेकावा. मार्टिनेझ हा पक्का युटिलिटी खेळाडू, झोब्रिस्टच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. सगळीकडे उभा राहू शकणारा, पण फलंदाजीची सरासरी ०.२०० च्याही खाली. अशांचं आयुष्य वर-खाली करण्यात जातं: कोणी जखमी झाला की बोलावणं, तो बरा झाला की परत खाली किंवा संघाबाहेर. मोठ्या लीगमध्ये ४३ दिवसांची नोकरी भरली की पेन्शनचा हक्क मिळतो, आणि कितीतरी जण तो आकडा मनात धरून दिवस मोजतात. मी क्रिस्पच्या ओळीखाली मार्टिनेझ लिहिलं. आजी म्हणाल्या, "ही ओळ लक्षात ठेव."

मग पाऊस, १७ मिनिटांचा खोळंबा. दहावी इनिंग. कब्जचा श्वार्बर बेसवर, त्याच्या जागी धावायला अल्मोरा. कब्जच्याच ब्रायंटचा लांब चेंडू सेंटरला झेलला गेला आणि अल्मोराने तेवढ्यात दुसरा बेस गाठला. क्लीव्हलँडने रिझोला मुद्दाम बेस दिला आणि झोब्रिस्टशी सामना करायचं ठरवलं. क्लीव्हलँडचा पिचर ब्रायन शॉ उजव्या हाताचा, म्हणून झोब्रिस्ट डाव्या बाजूने उभा. तो दोन्ही बाजूंनी खेळायचा. चेंडू त्याने तिसऱ्या बेसच्या रेषेलगत, तिथे उभ्या असलेल्या होसे रामिरेझच्या पलीकडून लेफ्टच्या कोपऱ्यात घातला. दोन बेसचा फटका, अल्मोरा घरी, ७-६. पाठोपाठ माँटेरोच्या फटक्यावर ८-६.

इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात क्लीव्हलँडने एक धाव परत काढली. ८-७, दोन बाद, एक माणूस बेसवर. आणि फलंदाजीला आली ती क्रिस्पची जागा, म्हणजे मार्टिनेझ. बाकावर फलंदाज शिल्लक नव्हता. एका धावेपासून बचाव म्हणून आणलेल्या माणसाच्या हातात अख्खी वर्ल्ड सिरीज येऊन पडली. त्याचा हळू चेंडू तिसऱ्या बेसकडे, ब्रायंटचा पाय घसरला तरी फेक नीट गेली: ५-३. कब्ज १०८ वर्षांनी जिंकले. सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू बेन झोब्रिस्ट, सरासरी ०.३५७.

आजी रडत होत्या आणि तरीही त्यांनी ५-३ भोवती गोल काढून तिसरा बाद लिहिला. पुढच्या काही दिवसांत लोक रिग्लीच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर खडूने नावं लिहीत होते, हे बघायला न राहिलेल्या आई-वडिलांची, आजोबांची. आम्हीही गेलो. आजींच्या वडिलांचं नाव मी लिहिलं, कारण रिकामी वीट उरली होती ती त्यांच्या हाताला येण्यापेक्षा उंच होती.

मला मार्टिनेझबद्दलही त्या रात्री तेवढंच वाटत होतं. त्याला ज्या कामासाठी पाठवलं होतं त्या कामात त्याची काहीच कसूर नव्हती. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. युटिलिटी खेळाडूच्या कारकिर्दीतली ही बाजू झोब्रिस्टच्या झळाळीत झाकली जाते, म्हणून सांगितलं.

झोब्रिस्टची शेवटची पानं थोडी आहेत. २०१८ मध्ये, ३७ व्या वर्षी, ०.३०५. २०१९ मध्ये घरगुती कारणांसाठी काही महिन्यांची रजा, सप्टेंबरात पुनरागमन. २९ सप्टेंबरला सेंट लुइसमध्ये मोसमाचा शेवटचा सामना, कब्ज ०-९ असे हरत होते, आणि मॅडनचाही कब्जबरोबरचा तो शेवटचा दिवस. आठव्या इनिंगला झोब्रिस्ट पिचिंगला आला. मी नऊ जण मोजायला घेतले आणि मधल्या उंचवट्यावर तो. त्या रकान्यात मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे १ लिहिला. त्या इनिंगमध्ये त्याने एकही धाव दिली नाही. वहीत आता फक्त २ उरला, कॅचर, आणि तो उरलेलाच राहिला, कारण त्यानंतर तो मोठ्या लीगमध्ये खेळला नाही. कारकिर्दीत १५६६ हिट, १६७ होमरन, तीनदा ऑल-स्टार, दोन वेळा विजेता.

गोल्ड ग्लोव्ह मात्र एकही नाही, आणि हे मला अजून खटकतं. क्षेत्ररक्षणाचा तो पुरस्कार जागेनुसार दिला जायचा आणि त्यासाठी एकाच जागेवर पुरेशा इनिंग लागायच्या. ज्याची कामगिरी चार जागांवर विभागलेली, त्याला तो मिळणं अवघडच. २०२२ पासून युटिलिटीसाठी वेगळा गोल्ड ग्लोव्ह सुरू झाला. पहिले मानकरी डीजे लमेह्यू आणि ब्रेंडन डोनोव्हन. त्यानंतरच्या वर्षी मॉरिसिओ दुबॉन आणि कोरियाचा हा-सेओंग किम. आता प्रशिक्षक तरुण मुलांना मुद्दाम दोन-तीन जागा शिकवतात, आणि चांगले फलंदाजही ते आनंदाने शिकतात.

कोणाला कार्ड लिहायला शिकायचं असेल तर माझा सल्ला असा: सुरुवात एखाद्या गाजलेल्या सामन्याने करू नका, एकच माणूस सतत जागा बदलतो असा सामना घ्या. एका सामन्यात नऊही जागांवर खेळणारे मोठ्या लीगमध्ये आजवर पाचच झाले: १९६५ मध्ये बर्ट कॅम्पानेरिस, १९६८ मध्ये सेझर तोवार, २००० मध्ये स्कॉट शेल्डन आणि शेन हॉल्टर, आणि ३० सप्टेंबर २०१७ ला डेट्रॉइटचा अँड्र्यू रोमाइन. रोमाइनचा मिनेसोटाविरुद्धचा तो सामना चेंडूगणिक तपशिलासह मिळतो. नावाशेजारचा रकाना थोडा रुंद आखून घ्या, पेन्सिलला टोक काढा आणि तो लिहून काढा. रोमाइन हलला की दुसरं कोणीतरी हलतं, त्यामुळे सगळ्या संघाचे आकडे तुम्हाला एका बैठकीत पाठ होतील.